उस्तादांचं नाक

६ फेब्रुवारी

छोट्या,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये, असं माझ्या भावजयीने मला मागे बजावलं होतं. पण पत्रात कोण ऐकतंय! आणि फोन सोडून पत्र का, हे विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरून घेते आणि मग आपली भांडणं होतात. कागदावर तुला नीट सांगावं लागतं आणि मला नीट वाचावं लागतं.

काम असं आहे. आमच्या चिरंजीवांना टॅक्सी गॅसवर करून घ्यायची आहे. पेट्रोलवर दिवसभर फिरून परवडत नाही म्हणतो. स्टँडवरच्या निम्म्या गाड्या गॅसवर गेल्या, हाच मागे राहिलाय. पण खालच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई मला जिन्यात गाठून सांगतात, की गॅसची टाकी डिकीत ठेवायची म्हणजे विस्तव पदरात बांधायचा. मी शिवणाच्या मशीनवर बसले की पाय आपोआप चालतात आणि डोकं नको तिथे जातं. हे गेल्यापासून या घरात तो आणि मी, दोघंच आहोत. त्याला यायला उशीर झाला तर मी गॅलरीत उभी राहते. वर हे नवीन झेंगट कशाला, असं वाटतं.

तरी मी नको म्हटलं नाही. एकच अट घातली. करायची तर मामाकडे करायची, आणि मामाने स्वतः नाक लावून 'न्या' म्हटल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. तुझ्या नाकाची कीर्ती आमच्या स्टँडपर्यंत पोचली आहे, हे ऐकून फुगू नकोस. तुला आधीच खूप हवा भरलेली असते.

तुझा तो ताप उतरून बरेच महिने झाले. तोंडाला चव आली का?

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

पाठव भाच्याला. दोन दिवस इथेच राहू दे, त्याची मामी त्याला खाऊ घालून घालून दमवेल.

तुझ्या त्या शाळेतल्या बाईंना सांग, की पेट्रोलची टाकी पत्र्याची असते आणि गॅसची टाकी जाड पोलादाची. ती काठोकाठ कधीच भरत नाहीत, वर मोकळी जागा राखतात, म्हणजे उन्हात गॅस फुगला तरी त्याला हातपाय पसरायला वाव राहतो. जास्त भरू लागलं तर झडप आपोआप बंद होते. भीती टाकीची नसते, सांध्यांची असते. टाकीपासून इंजिनापर्यंत नळी जाते, तिला जिथे जिथे जोड आहे तिथे लक्ष हवं. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा सखल जागा धरून बसतो. त्याला स्वतःचा वासही नसतो. माणसाला कळावं म्हणून कुजक्या कोबीसारखा वास त्यात मुद्दाम मिसळतात.

म्हणून आपली पद्धत. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की गळती. ते झालं की टाकी भरून, काचा चढवून गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवायची. सकाळी मी येईपर्यंत दाराला कोणी हात लावायचा नाही. मी येतो, मालकाच्या देखत डिकी उघडतो, गुडघे टेकतो आणि तळाशी नाक नेतो. मग मागचं दार, मग पुढचं. उठून 'न्या' म्हणतो आणि किल्ली देतो. समोरच्या नव्या गॅरेजवाल्याकडे वास ओळखायचं यंत्र आहे, ते टिकटिक करतं. तसलं माझ्याकडेही आहे, खणात पडलंय. लोक टिकटिक ऐकायला येत नाहीत, उस्तादाने गुडघे टेकलेले बघायला येतात.

चव वगैरे सगळं ठीक आहे. घरात मात्र मला शिव्या बसतात. परवा मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि शेजारी दूध करपून पातेलं कोळसा झालं. तुझी भावजय बाहेरून धावत आली. म्हणे, दगड बसला असता तर त्यानेही गॅस बंद केला असता. वाचनात गुंगलो होतो, दुसरं काय.

छोट्या


२ मार्च

छोट्या,

गाडी आली. चिरंजीव इतके खूश, की आल्या आल्या मला खाली नेऊन बटण दाखवलं. सुरू पेट्रोलवर करायची, इंजिन तापलं की बटण दाबून गॅसवर घ्यायची. मी म्हटलं, बदललेलं कळत कसं? तर म्हणाला, कळतच नाही, तीच तर गंमत. मला नदीपर्यंत फिरवून आणलं. मागच्या सीटवर बसून मी सारखी मान वळवून डिकीकडे बघत होते, तेव्हा आरशातून हसला आणि म्हणाला, आई, मामा सकाळी माझ्यासमोर जमिनीला नाक टेकवून बसला होता, देवासमोर बसावं तसा. आता तू शांत बस.

मग बसले शांत.

तुला काहीतरी द्यावं असं मनात होतं. मजुरी तू घेतली नाहीस, आणि मी दिली असती तर माझ्या तोंडावर फेकली असतीस. म्हणून आईची राखाडी शाल पाठवते आहे. ती गेल्यापासून माझ्या ट्रंकेत होती. मला ती बघवत नव्हती आणि कोणाला देववतही नव्हती. आता तुझ्याकडे राहू दे. तुझे गुडघे टेकून टेकून दुखत असतील, त्यांच्यावर घे.

ताई


१९ मार्च

ताई,

शाल पोचली. घरी एकटाच होतो तेव्हा पुडकं उघडलं. काय सांगू! उघडल्याबरोबर आईच्या अंगाचा वास खोलीभर पसरला. तिच्या केसांच्या तेलाचा, चुलीपुढे बसून आल्यावर यायचा तो. मी शाल तोंडावर धरून बराच वेळ बसलो. इतक्या वर्षांत तो वास कसा टिकला असेल, देव जाणे. तू फार जपून ठेवलीस.

तुझी भावजय आली आणि तिने ती माझ्या हातातून काढून तडक गच्चीत दोरीवर टाकली. दोन दिवस तिथेच लोंबत होती. आपल्या आईचं काहीही तिला घरात सोसत नाही, हे मी तुला पूर्वीही सांगितलं आहे.

भाच्याची गाडी कशी पळते? काम रग्गड आहे. या महिन्यात तर शेडमध्ये जागा पुरत नाही.

छोट्या


२४ मार्च

छोट्या,

तुझं पत्र मी सकाळी वाचलं, दुपारी वाचलं आणि आता पुन्हा वाचून लिहायला बसले आहे.

त्या ट्रंकेत मी दर वर्षी मूठमूठभर डांबरगोळ्या टाकत आले. शालीला आईचा वास कधीच उरला नव्हता. मी ती पाठवायला काढली तेव्हा ऊन दाखवायचं राहून गेलं, आणि पुडकं इतकं उग्र झालं होतं की पोस्टातल्या माणसाने ते टेबलावरून लांब सरकवलं. माझ्या भावजयीने ती दोरीवर टाकली ते शहाण्या माणसाने टाकावी तशीच टाकली. तिला उगाच बोल लावू नकोस.

आणि दूध करपून पातेलं कोळसा होईपर्यंत माणूस पेपरात गुंगत नाही.

तुला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. हो ना?

मी रागावलेली नाही. माझे कान गेले तेव्हा मीही वर्षभर लोकांच्या ओठांकडे बघून हसत होते, मला ते माहीत आहे. पण माझ्या ऐकू न येण्याने फार तर कोणाचा ब्लाउज एक इंच आखूड शिवला जातो. तू सकाळी गुडघे टेकतोस तेव्हा काय हुंगतोस, छोट्या? तुझ्या त्या 'न्या'वर माणसं बायकापोरं घालून गाड्या नेतात. माझा मुलगा त्यातलीच एक नेऊन रोज चालवतो.

चिरंजीव लांबच्या भाड्याला गेला आहे. त्याला मी यातलं काही बोलले नाही, बोलणारही नाही. ते तू बोलायचं आहेस. त्याच्याशी आणि सगळ्यांशी.

उत्तर लगेच दे.

ताई


९ एप्रिल

ताई,

तुला उत्तर द्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. तू मला डांबरगोळीने पकडलंस, याचा राग आला. मग राग संपला आणि खाली काही उरलंच नाही.

हो. येत नाही. कसलाच येत नाही. तापातून उठून गॅरेजमध्ये गेलो, एक गाडी रात्रभर ठेवलेली होती, मालक हात जोडून उभा होता. गुडघे टेकले, वास घेतला, काही नाही. मला वाटलं गाडी स्वच्छ आहे. 'न्या' म्हणालो. गाडी गेली, आणि मी ग्रीसचा डबा उघडला तर त्यालाही वास नव्हता. रबराला नव्हता, माझ्या स्वतःच्या शर्टाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी त्या 'येईल'वर दिवस ढकलत राहिलो. जेवण म्हणजे कागद चावल्यासारखं वाटतं. घरात शिरलो की कोणाच्या घरात शिरलो ते कळत नाही. डॉक्टर सोडले तर हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

आईच्या वासाचं मी खोटं लिहिलं असं तू म्हणशील. ते अगदी खोटं नव्हतं. शाल तोंडावर धरली तेव्हा काही तरी यावं म्हणून मी जीव तोडून आठवत होतो.

पण तू समजतेस तेवढं हे भयंकर नाही. साबणाचं पाणी आम्ही कधीच चुकवत नाही. माझी पोरं हाताने पक्की आहेत. नाक लावणं हा वरचा तुरा आहे, लोकांच्या समाधानासाठी. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इतक्या महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही. एकही माणूस परत येऊन म्हणाला नाही, की उस्ताद, गाडीत वास येतोय. त्यांची नाकं शाबूत आहेत ना? गळती असती तर ते आले नसते का?

आता मी शेडमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं, तर उद्या समोरच्या गॅरेजपुढे रांग लागेल. माझ्याकडे दुसरं काय आहे, ताई? शिक्षण नाही. हातातलं काम चार जणांना येतं. ते नाक होतं म्हणून मी उस्ताद होतो.

थोडे दिवस थांब. वास येईल परत.

छोट्या


१३ एप्रिल

छोट्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. चिरंजीवाच्या हातात देते आहे. तो बसने येतोय. गाडी दारात उभी आहे, टाकीचा कॉक बंद करून.

तुझं पत्र वाचताना तुझी फार दया आली. खरंच आली. 'थोडे दिवस थांब' वाचून मी पत्र घडी करून ठेवणार होते. थांबलेही असते, कारण तू माझा भाऊ आहेस आणि तुझी लाज ती माझी लाज. पण ते तक्रारीचं वाक्य मला गिळता येईना. म्हणून काल जेवायला वाढताना चिरंजीवाला सहज विचारावं तसं विचारलं, काय रे, तुझ्या गाडीत कधी गॅसचा वास येतो का?

तो म्हणाला, येतो की. टाकी भरली की दोन दिवस येतो.

मी म्हटलं, मग मामाला सांगितलं नाहीस?

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, 'अगं, मामाने स्वतः नाक लावून दिली आहे. त्याला आला नाही तर मला कुठून येणार? मीच उगाच घाबरट, तुझ्यावर गेलोय.' आणि भात कालवायला लागला. मग त्यालाच आठवलं म्हणून सांगितलं, की मागच्या आठवड्यात मागे बसलेल्या गिऱ्हाइकाने काडी ओढून सिगारेट पेटवली, आणि धुराने डोकं दुखतं म्हणून याने काचा खाली घ्यायला लावल्या. धुरासाठी, छोट्या. गॅससाठी नाही. माझ्या हातातली पळी खाली पडली, तो आवाज म्हणे खालच्या मजल्यापर्यंत गेला. मला तेवढाही ऐकू आला नाही.

रात्री त्याने स्टँडवरचा एक मेकॅनिक आणला. टाकीवरच्या झडपेचा डबा आहे ना, त्यातून गळलेला गॅस गाडीबाहेर सोडणारी नळी असते, ती निसटून डिकीतच पडली होती. झडपेपाशी बारीक गळती होती. टाकी भरलेली असली की तेवढ्यापुरतीच. साबणाला त्या दिवशी दिसली नसेल, पोरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तुझं नाक असतं तर तू ती पहिल्याच सकाळी पकडली असतीस.

तक्रार आली नाही, कारण माणसांचा तुझ्या नाकावर विश्वास आहे आणि स्वतःच्या नाकावर नाही. तुझ्या सख्ख्या भाच्याने केली नाही, तर परकी माणसं कशी करतील? किती जण रोज वास घेत असतील आणि स्वतःलाच वेड्यात काढत असतील, ते तू बसून मोज. मला मोजवत नाही.

चिरंजीवाला तुझ्या नाकाचं मी अजून काही सांगितलेलं नाही. तो तुझ्यासमोर उभा असेल. त्याला तू सांग. आणि मग शटर खाली घे आणि प्रत्येक गाडी परत बोलाव.

तू उस्ताद असशील नसशील, मला काय त्याचं. मला माझा भाऊ हवा आहे, आणि मुलगाही हवा आहे.

ताई


२० मे

छोट्या,

चिरंजीव परत आला तो काही बोलत नाही. मामाने सांगितलं, एवढंच म्हणतो आणि उठून जातो. तू दोन ओळी तरी लिही. काही लिही.

ताई


११ जून

ताई,

लिहायला हात धजत नव्हता. आता लिहितो.

भाचा आला तेव्हा मी शेडमध्येच होतो. तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं. त्याने विचारलं, मामा, आईने काय लिहिलंय? मी त्याला म्हणालो, तुला वास येत होता तो खरा होता, मला येत नव्हता. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, त्या मी घेतल्या असत्या. तो कोपऱ्यातल्या टायरवर जाऊन बसला. मग उठून म्हणाला, कुठल्या कुठल्या गाड्या आहेत, सांग, मी बोलावून आणतो. आठवडाभर तो स्टँडा-स्टँडावर फिरला. तुला हे त्याने सांगितलं नसणार.

शटर त्याच दिवशी खाली घेतलं. पोरांना बसवून सांगितलं. घरी सांगितलं. तुझी भावजय ऐकून रडायला लागली. मला वाटलं, गॅरेजसाठी रडते आहे. ती म्हणाली, हिवाळ्यापासून मी केसांना वेगळं तेल लावते आहे, तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत, मला वाटलं तुमचं माझ्यातलं मनच उडालं. एवढे महिने ती हे पोटात घेऊन वावरत होती. तिच्याबद्दल मी तुला जे काही लिहिलं ते सगळं खोडून टाक.

गाड्या आल्या. खणातलं यंत्र काढून नवीन सेल घातले. बहुतेक गाड्या स्वच्छ निघाल्या, पण सगळ्या नाही. शाळेची मुलं नेणारे एक चष्मेवाले गृहस्थ आहेत, त्यांच्या गाडीत मागच्या सीटखाली यंत्र जोरात ओरडायला लागलं. ते म्हणाले, 'उस्ताद, पोरं नाकाला रुमाल लावायची. मीच त्यांना दटावलं. म्हटलं, नखरे करू नका, उस्तादांनी बघून दिली आहे.' हे त्यांनी मला टोचायला सांगितलं नाही. माफी मागितल्यासारखं सांगितलं. ताई, त्यांनी माझी माफी मागावी! मी तिथे उभा राहू शकलो नाही, मागच्या मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

कोणाला काही झालं नाही. हे मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला सांगतो. त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

रांग समोरच्या गॅरेजपुढे लागली, मी म्हणालो होतो तशीच. दोन पोरं तिकडे गेली. चष्मेवाले मात्र राहिले. का राहिलात, असं विचारलं तर म्हणाले, तुम्हाला काय येत नाही ते आता आम्हाला माहीत आहे, समोरच्याचं अजून माहीत नाही. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

आता पद्धत बदलली आहे. साबणाचं पाणी आधी, मग यंत्र, मग गाडी रात्रभर बंद. सकाळी मी डिकी उघडतो आणि बाजूला होतो. मालकाला म्हणतो, मला वास येत नाही, तुम्ही घ्या. गुडघे टेकायला लावतो, नाक कुठे न्यायचं ते दाखवतो. माणसं संकोचतात. एकदा डोकं घालतात आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघतात, मी मान हलवतो का म्हणून. मी हलवत नाही. पहिले काही दिवस जो तो उठून 'काही नाही, काही नाही' म्हणायचा आणि किल्लीसाठी हात पुढे करायचा. मला तेव्हा फार भीती वाटायची. गाडी गेली तरी मी रस्त्यावर उभा असायचो.

काल एक बाई आपली गाडी न्यायला आल्या होत्या, घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघणाऱ्या नर्स आहेत. साबण झाला होता, यंत्र गप्प होतं. त्यांनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि डिकीच्या तळाशी नाक नेऊन चांगल्या बसून राहिल्या. मग उठल्या, पुन्हा वाकल्या. माझ्याकडे बघितलं. मी डिकीकडे बघत राहिलो.

त्या म्हणाल्या, 'येतोय. थोडासा. माझंच काही चुकत असेल.'

मी म्हणालो, 'चुकत नसेल.'

आम्ही गाडी परत आत घेतली.

छोट्या